फुकटे कोण?

अमेरिकेत स्थायिक झालेल्या आपल्या मराठी माणसाला ‘फुकट’ या शब्दाचे भारी वावडे आहे, असे माझे निरीक्षण आहे. इथे असताना वाण्याकडून मिरची-कोथिंबीर फुकट मागून घेणारा माणूस तिकडे दहा वर्षे काढली की फुकट या शब्दाने नाक मुरडू लागतो. २०२५ च्या जानेवारीत मी भाच्याकडे फीनिक्सला होतो. एका शनिवारी त्याच्याकडे चार-पाच मराठी कुटुंबे जेवायला आली. मी आदल्याच आठवड्यात क्वार्टसाइट नावाच्या गावाबाहेर वाळवंटात दोन रात्री तंबू ठोकून राहून आलो होतो, एक छदामही न देता. ते ऐकून भाचा सगळ्यांदेखत म्हणाला, ‘मामा, तुम्ही त्या फुकट्यांच्या वस्तीत कशाला गेलात?’ आणि सॉफ्टवेअरमध्ये मोठ्या हुद्द्यावर असलेल्या एका गृहस्थांनी जिलबीचा तुकडा मोडता मोडता निकाल देऊन टाकला, ‘एवढी जमीन पडीक पडली आहे. सरकारने विकून टाकावी. घरे होतील, कर मिळेल, आणि ही घाणही जाईल.’

मी पाहुणा. पाहुण्याने जेवता जेवता वाद घालू नये, म्हणून तेव्हा गप्प बसलो. पण फुकटे आणि पडीक, हे दोन शब्द काही डोक्यातून गेले नाहीत. हा लेख त्या दोन शब्दांच्या विरुद्ध आहे.

आधी प्रकार काय आहे ते सांगतो. अमेरिकेच्या पश्चिम भागात प्रचंड जमीन केंद्र सरकारच्या, म्हणजे कायद्याने सगळ्या जनतेच्या मालकीची आहे. नेवाडा राज्याची सुमारे ८० टक्के, युटाची ६० टक्क्यांहून जास्त, ॲरिझोनाची चाळीसच्या आसपास. यातला मोठा वाटा ‘ब्युरो ऑफ लँड मॅनेजमेंट’ म्हणजे बीएलएम या खात्याकडे आहे. अलास्का धरून त्यांच्याकडे देशभरात सुमारे २४.५ कोटी एकर आहेत. आपल्या हिशोबात सांगायचे तर आमचा अख्खा गोवा त्यात अडीचशेहून जास्त वेळा बसेल! या जमिनीवर, जिथे मनाईची पाटी नाही अशा बहुतेक ठिकाणी, कोणीही जाऊन मुक्काम करू शकतो. आरक्षण नाही, भाडे नाही. त्याला तिकडे ‘डिस्पर्स्ड कॅम्पिंग’ म्हणतात, म्हणजे विखरून केलेला मुक्काम. बोलीभाषेत ‘बूनडॉकिंग’.

फुकट मिळते ते एवढेच : जमिनीचा तुकडा आणि आभाळ. नळ नाही, संडास नाही, दिवा नाही, कचऱ्याचा डबा नाही. पाणी आपण न्यायचे, माणशी दिवसाला किमान चार लिटर. कचरा आपण परत आणायचा. गाडी आधीपासून असलेल्या वाटेवरच ठेवायची, तंबू आधी कोणी उतरलेल्या मोकळ्या जागेतच ठोकायचा. ॲरिझोनात तर जनावरांच्या पाणवठ्यापासून पाव मैलाच्या आत मुक्काम करणे हा गुन्हा आहे, कारण माणूस बसला की हरीण पाण्यावर येत नाही. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा : साधारणपणे २८ दिवसांच्या काळात एका जागी १४ दिवस. मग उठायचे आणि बहुतेक भागांत किमान २५ मैल, म्हणजे चाळीस किलोमीटर दूर जायचे. वाळवंट तुमचे आहे, पण तुमच्या एकट्याचे नाही, हे याहून कमी शब्दांत कोणी सांगितलेले मला माहीत नाही.

आता ‘पडीक’ या शब्दाकडे येऊ. ही जमीन सरकारकडे राहिली कशी? १८६२ च्या होमस्टेड कायद्याने पाच वर्षे जमीन कसणाऱ्याला १६० एकर मिळत. चांगली काळी, ओली जमीन लोकांनी भराभर उचलली. उरली ती पाऊस न पडणारी, जिच्याकडे शेतकऱ्याने पाठ फिरवली ती. म्हणजे ही जमीन कोणा दूरदृष्टीच्या राजाने राखून ठेवलेली नाही, ती चक्क नको म्हणून उरलेली आहे. १९३४ साली तिच्यावरच्या बेबंद चराईला आळा घालणारा कायदा झाला, १९४६ साली बीएलएम स्थापन झाले, आणि १९७६ साली अमेरिकी संसदेने कायदा करून ठरवले की ही जमीन यापुढे सर्वसाधारणपणे जनतेच्याच मालकीची राहील. टाकाऊ म्हणून उरलेल्या वस्तूला वारसा म्हणून जपायचे ठरवायला त्या देशाला शंभरावर वर्षे लागली.

आणि खरेच पडीक आहे का ती? मी राहिलो त्या ठिकाणी पायाखाली काळपट खड्यांचा एक सलग थर होता, कोणी हाताने फरशी बसवावी तसा. वाऱ्या-पावसाने हजारो वर्षांत घडवलेली ही फरशी एकदा फुटली की लवकर सांधत नाही. दुसऱ्या महायुद्धात १९४२ पासून जनरल पॅटनच्या सैन्याने याच टापूत रणगाड्यांचा सराव केला. रणगाड्यांच्या चाकोऱ्या आज ऐंशी वर्षांनंतरही काही ठिकाणी दिसतात. जवळच, कोलोरॅडो नदीपलीकडे ब्लाइथ गावाच्या उत्तरेला तिथल्या मूळ रहिवाशांनी हीच खड्यांची फरशी खरवडून जमिनीवर माणसांच्या आणि प्राण्यांच्या प्रचंड आकृत्या काढल्या आहेत. त्यांवरूनही गाड्या गेल्या, आणि अखेर भोवती कुंपण घालावे लागले. आपल्या सांग्यातल्या उसगाळीमळच्या जांभ्यावरची चित्रे ज्यांनी पाहिली आहेत त्यांना मी काय म्हणतो ते कळेल. शेती होत नाही म्हणून जी भूमी आपण ओसाड म्हणतो, तिची स्मरणशक्ती आपल्यापेक्षा चांगली असते.

आता मुख्य मुद्दा : फुकटे कोण?

त्या जेवणावळीतल्या गृहस्थांना मी तेव्हा विचारले नाही, ते आता विचारतो. याच जमिनीवर गुरे चारणारे मोठमोठे पशुपालक आहेत. २०२५ साली त्यांना एका गायीला वासरासकट महिन्याला किती दर होता? १ डॉलर ३५ सेंट. तुमच्या कॉफीच्या पेल्याला याहून जास्त पडतात! खासगी कुरणाचे भाडे याच्या कितीतरी पट आहे. पुढे चला. याच जमिनीतून सोने, चांदी, तांबे काढणाऱ्या कंपन्यांना आजही १८७२ चा खाणकायदा लागू आहे, आणि त्या कायद्याखाली काढलेल्या धातूवर केंद्र सरकारला रॉयल्टी म्हणून एक पैसा द्यावा लागत नाही. डोंगर पोखरून सोने नेणारा उद्योजक, हजार गुरे चारणारा रँचर म्हणजे पश्चिमेचा कणा, आणि स्वतःचे पाणी, स्वतःचा कचरा वाहून चौदा रात्री जमिनीवर झोपणारी निवृत्त बाई मात्र फुकटी! खाणींच्या बाबतीत आम्ही गोवेकर हे नाटक जवळून पाहिलेले आहे, त्यामुळे मला त्याचे नवल वाटले नाही. संताप मात्र आला.

माझ्या शेजारी, म्हणजे दोनशे पावलांवर, मिनेसोटाची नंबरप्लेट असलेली एक जुनी व्हॅन होती. तिच्यातल्या बाईंनी आयुष्यभर शाळेची बस चालवली होती. घरभाडे आणि औषधे दोन्ही पेन्शनीत भागेनात म्हणून घर सोडले. हिवाळा या वाळवंटात, उन्हाळा फ्लॅगस्टाफकडच्या उंचावरच्या जंगलात. टपावर सौर पट्टी, आत एक कॉट, एक शेगडी आणि एक मांजर. त्या तक्रार करत नव्हत्या. ‘इथे मला कोणी विचारत नाही की तू अजून इथे का आहेस,’ एवढेच म्हणाल्या. अशा माणसांवर जेसिका ब्रूडर यांनी २०१७ साली ‘नोमॅडलँड’ हे पुस्तक लिहिले. क्लोई झाओ यांनी त्यावर केलेल्या चित्रपटाला २०२१ साली सर्वोत्कृष्ट चित्रपटाचे ऑस्कर मिळाले. चित्रपट पाहून टाळ्या वाजवायच्या आणि प्रत्यक्ष ती माणसे दिसली की फुकटे म्हणायचे, याला काय म्हणावे?

इथे कोणी म्हणेल की लेखक महाशय गरिबीचे काव्य करताहेत. मुळीच नाही. वाळवंट ही घरकुल योजना नव्हे, आणि होऊ नये. कायमचे राहायला तिथे कायद्यानेच मनाई आहे. उन्हाळ्यात पारा ४५ च्या वर जातो, दवाखाना तासभर लांब असतो. म्हातारपणी माणसाला दर चौदा दिवसांनी बिऱ्हाड उचलावे लागणे ही काही त्या देशाने मिरवण्याची गोष्ट नाही. पण दोष वाळवंटाचा नाही, शहरांचा आहे. २८ जून २०२४ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ग्रँट्स पास खटल्यात सहा विरुद्ध तीन मतांनी निकाल दिला की सार्वजनिक जागी झोपणाऱ्या बेघरांना शहरे दंड करू शकतात, निवाऱ्यात जागा नसली तरीही. म्हणजे शहरात अंग टाकले तर गुन्हा. आणि जिथे अंग टाकणे अजून गुन्हा नाही, ती जमीन ‘विकून टाका’. मग त्या माणसाने झोपायचे कुठे? आभाळात?

विकायचे बोलणे ही निव्वळ जेवणानंतरची चघळण नाही, हे पुढच्या पाच-सहा महिन्यांत दिसले. युटा राज्याने आधीच, ऑगस्ट २०२४ मध्ये, १.८५ कोटी एकर केंद्रीय जमिनीवरून थेट सर्वोच्च न्यायालय गाठले होते. न्यायालयाने १३ जानेवारी २०२५ रोजी ते प्रकरण ऐकायला नकार दिला. लगेच जूनमध्ये त्याच राज्याचे सिनेटर माइक ली यांनी अर्थसंकल्पी विधेयकात कलम घुसवले की पश्चिमेच्या अकरा राज्यांतली वीस लाखांहून अधिक एकर सार्वजनिक जमीन विकावी. कारण? घरटंचाई. त्यावर जो गदारोळ उठला त्यात पर्यावरणवाले होतेच, पण शिकारी होते, गळ टाकून मासे पकडणारे होते, आणि मॉन्टाना-आयडाहोचे लींच्या स्वतःच्याच पक्षाचे सिनेटरही होते. २८ जून २०२५ ला प्रस्ताव मागे घ्यावा लागला. बंदूकवाला आणि झाडवाला त्या देशात एका बाकावर बसलेले एरवी फारसे दिसत नाहीत. या जमिनीने त्यांना बसवले.

घरटंचाई खोटी आहे असे मी म्हणत नाही. पण लास वेगासभोवतीची केंद्रीय जमीन ठरवलेल्या हद्दीच्या आत लिलावाने विकण्याची सोय १९९८ च्या कायद्यानेच केलेली आहे. जिथे शहर खरोखर वाढते आहे तिथे विकण्याचा रस्ता बंद नव्हताच. बाकी वाळवंटात घरे बांधाल, पण पाणी? वेगासचे सुमारे ९० टक्के पाणी कोलोरॅडो नदीतून येते, आणि ती नदी आज आहेत त्यांनाच पुरेनाशी झाली आहे. पाण्याविना घरे होत नाहीत. प्लॉट होतात, आणि प्लॉटचे काय होते हे कुठल्याही गोवेकराला शिकवावे लागत नाही.

दुसरा आक्षेप घाणीचा. हा आक्षेप खरा आहे आणि मी तो टाळणार नाही. मी स्वतः पाहिले : झुडपांत अडकलेले कागद, अर्धवट जळलेल्या खुर्च्या, कोणी तरी सोडून दिलेला अख्खा सोफा. करोनाच्या वर्षांत तर मोबाइलवर जागेचा अचूक ठावठिकाणा शोधून लोकांची झुंबड उडाली. युटातले मोआब, ॲरिझोनातले सेडोना यांच्या आसपास पूर्वी कुठेही उतरता यायचे, तिथे आता बऱ्याच भागांत नेमून दिलेल्या जागांवरच उतरता येते. मला हे ठीक वाटते. ज्या मातीवर सूक्ष्म जिवांचा काळा पापुद्रा असतो, आणि एका पावलाने मोडलेला तो पापुद्रा भरून यायला दशके लागतात, तिथे हजार गाड्यांना मोकळे रान देणे हा स्वातंत्र्याचा नव्हे, मूर्खपणाचा प्रकार होईल.

पण यातून ‘फुकट आहे म्हणून घाण होते, सबब पैसे लावा किंवा विका’ हा निष्कर्ष निघत नाही. पैसे देऊन घाण करणारे आपण कमी पाहिलेत का? तिकीट काढले की उलट माणसाला वाटते, साफ करणे हे दुसऱ्याचे काम. सामाईक वस्तू किमतीने राखली जात नाही, मर्यादेने राखली जाते. चौदा दिवसांचा नियम ही मर्यादा आहे. पंचवीस मैल ही मर्यादा आहे. पाणवठ्यापासून पाव मैल ही मर्यादा आहे. फक्त ती पाळायला लावणारी माणसे हवीत. बीएलएमकडे कायदा राबवणारे गणवेशधारी अधिकारी जेमतेम दोन-तीनशे. एकेकाच्या वाट्याला दहा लाख एकर! आधी माणसे द्यायची नाहीत, मग घाण झाली म्हणून ओरडायचे, मग घाण झाली म्हणून विकायचे. सरकारी शाळा बंद पाडण्याची रीत याहून वेगळी नसते.

जिथे जास्त दिवस राहायचे आहे तिथे पैसे घेण्यालाही माझा विरोध नाही. क्वार्टसाइटजवळच ला पोसा इथे १९८३ पासून वेगळी सोय आहे. १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल, शुल्क भरा, पाणी आणि कचऱ्याची सोय घ्या, सात महिने राहा. सोयीचे पैसे घ्यावेत. जमिनीवर पाठ टेकण्याचे घेऊ नयेत. हा फरक ज्याला कळत नाही त्याला सामाईक या शब्दाचा अर्थ कळलेला नाही.

आणि फुकट मुक्काम करणाऱ्यांनाही एक सुनावले पाहिजे. ‘ही आपल्या सगळ्यांची जमीन’ असे म्हणताना ‘आपण’ कोण? क्वार्टसाइटच्या उत्तरेला पार्करकडे मोहावी, चेमेहुएवी, होपी आणि नवाहो लोकांची राखीव वसाहत आहे. १८६५ पासून त्यांना एका चौकटीत बसवून बाकीचे ‘सगळ्यांचे’ केले गेले. युटातल्या बेअर्स इअर्सला होपी, झुनी, नवाहो आणि यूट यांच्या पूर्वजांची घरे, धान्याची पेवे, समाध्या आहेत. २०१६ साली ओबामांनी तो भाग संरक्षित केला, २०१७ साली ट्रम्प यांनी ८५ टक्के कापला, २०२१ साली बायडेन यांनी परत जोडला. तिथल्या भिंतीवर टेकून शेकोटी पेटवणारा आणि आठवण म्हणून खापराचा तुकडा खिशात घालणारा माणूस आणि सिनेटर ली यांच्यात फरक फक्त एकरांचा आहे. दुसऱ्याच्या पूर्वजांच्या अंगणात आपण उतरलो आहोत एवढे भान ठेवले तर चौदा दिवसांचा नियम जाचक वाटणार नाही, उलट उदार वाटेल.

आता गोव्यातला वाचक विचारील, की मग रस्त्याकडेला बस लावून स्टोव्ह पेटवणाऱ्या पर्यटकांनाही मोकळीक द्यायची का? नाही द्यायची. गोवा ३७०२ चौरस किलोमीटरचा. आपल्याकडे वाळवंट नाही, आणि मी तिथली पद्धत इथे आणा म्हणतच नाही. पण आपल्याकडे सडे आहेत, आणि कोमुनिदादी, म्हणजे आपल्या गांवकारी, आहेत. १५२६ च्या फोरालमध्ये पोर्तुगिजांनी ज्या लिहून घेतल्या त्या त्यांच्या आधीच्याच. ती व्यवस्था सगळ्यांची नव्हती, गांवकारांचीच होती, बाया आणि इतर जाती बाहेर होत्या, हे मान्य. पण एका माणसाने विकून खाता येणार नाही अशी जमीन, ही कल्पना तीत होती. आज सड्याला आपण काय म्हणतो? पडीक! ऑगस्ट २०२५ मध्ये विधानसभेने कोमुनिदादीच्या जमिनीवरची २०१४ पूर्वीची बेकायदा घरे नियमित करायला कायदा दुरुस्त केला. त्यातली कित्येक घरे गरिबांची आहेत, त्यांना उठवा असे कोणी म्हणू नये. पण मर्यादा वेळेवर कोणी पाळली नाही, पाळायला लावली नाही, की सामाईक जमीन एके दिवशी गुपचूप संपते आणि कायदा मागाहून तिचे दिवस घालतो.

म्हणून मला त्या वाळवंटातल्या चौदा दिवसांचे महत्त्व वाटते. जगात बहुतेक सगळीकडे माणसाला जमिनीशी दोनच नाती उरली आहेत, मालक किंवा भाडेकरू. तिसरे नाते म्हणजे वाटेकरी. येतो, राहतो, साफ करतो, जातो, आणि मागून येणाऱ्याला जागा तशीच मिळते. ते नाते या जमिनीवर अजून जिवंत आहे. ते भिकेचे नाही, हक्काचे आहे. आणि हक्क असल्यामुळेच त्याला शिस्त आहे.

तेव्हा अमेरिकेतल्या माझ्या मराठी मित्रहो, तुम्ही मतदार असाल तर पुढच्या वेळी ‘पडीक जमीन’ विकायचा ठराव येईल, आणि तो येणारच, तेव्हा आपल्या प्रतिनिधीला चार ओळी लिहा. वेगासहून ग्रँड कॅनियनला तीन दिवसांत धावून येता, त्यातली एक रात्र हॉटेलचे आरक्षण रद्द करा आणि पाणी, फावडे, कचऱ्याची पिशवी घेऊन त्या जमिनीवर झोपा. ती तुमच्याही नावावर आहे. येताना पिशवी भरून आणा, शक्य झाल्यास दुसऱ्याचाही कचरा. आणि मग सांगा फुकटे कोण : चौदा दिवसांनी उठून जाणारा, की कधीच न उठण्यासाठी येणारा?